जिप्सीतला पंप आणि पंखा: रिलेचा तयार हार्नेस एक हंगाम वापरल्यावर

ज्यांची जिप्सी कार्बोरेटरची आहे आणि ज्यांनी तिच्यात एमपीएफआयचं (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणारं) जी१३बीबी इंजिन बसवलंय किंवा बसवायचं मनात आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. इंजिनाचं कौतुक इथं करत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. लिहायचंय ते पेट्रोल पंप आणि रेडिएटरचा पंखा या दोन्हींसाठी ऑनलाइन मागवलेल्या रिलेच्या तयार हार्नेसबद्दल. रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि हार्नेस म्हणजे रिले, फ्यूज, वायरी असा जोडून तयार आलेला संच. पावसाळ्याच्या तोंडावर बसवला, आता साखर कारखान्यांचा हंगाम संपत आलाय. परवापर्यंत मी याबद्दल निव्वळ चांगलंच लिहिलं असतं. मग त्यातला फ्यूज होल्डर वितळला आणि विकणाऱ्यानं वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले.

जुन्या इंजिनाचा पंप हेडवर, कॅमवर चालणारा. पंखा बेल्टवर. दोन्हींना वायरची गरजच नव्हती. एमपीएफआयला टाकीतला इलेक्ट्रिक पंप लागतो, त्यानं साधारण तीन बारचं प्रेशर द्यावं लागतं, आणि पंखाही मी इलेक्ट्रिकच घेतला. म्हणजे या गाडीत कधीच नव्हते असे दोन मोठे लोड एकदम आले. (कलम ५२ ची परवानगी, इंजिन नंबर आरसीवर चढवणं हे साताऱ्याच्या आरटीओतून रीतसर करून घेतलंय. ते न करता गाडी रस्त्यावर आणू नका, विम्याच्या वेळी अडकाल.)

गोडोलीतल्या ज्या वायरमनकडे गाडी होती त्याचं म्हणणं होतं, "डॅशखालनं स्विचची वायर घेऊ, थेट पंपाला देऊ, अर्ध्या तासाचं काम हाय." माणूस हाताचा चांगला आहे, पण याला मी ठाम नकार दिला. पंप कधी चालवायचा हे ईसीएमनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, ठरवायचं असतं. किल्ली ऑन केली की तो दोन-तीन सेकंद पंप चालवून लाइन भरून घेतो आणि थांबवतो. इंजिन फिरतंय असा सिग्नल आला तरच पुन्हा सुरू ठेवतो. इंजिन बंद पडलं की पंपही बंद. थेट स्विचवर दिलेला पंप मात्र गाडी उलटली तरी, किल्ली ऑन आहे तोवर फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. आपण घाटातली माणसं आहोत. यवतेश्वरच्या रस्त्यावर रोज जा-ये करणाऱ्याला ही जोखीम वेगळी समजवायला नको.

हार्नेसमध्ये हे काम बरोबर केलंय आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. रिलेच्या पायांना नंबर असतात. पंपाच्या रिलेला ३० वर बॅटरीकडून सरळ वायर, ८७ वरून पंप, ८६ ला स्विचचा प्लस आणि ८५ ची वायर ईसीएमकडे न्यायला मोकळी सोडलेली, चिठ्ठी लावून. वायर ब्लेडनं खरवडून पाहिली, आतपर्यंत लाल निघाली. हल्ली वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असला माल इतका खपवतात की हे पाहूनच मला बरं वाटलं.

वायरची जाडी का महत्त्वाची, तर पंपापर्यंत चार मीटर वायर जाते. अर्ध्या चौरस एमएमची घेतली तर पाच ॲम्पियरला जवळजवळ पाऊण व्होल्ट रस्त्यातच खर्च होतो. अडीच चौरस एमएमची घेतली तर पाव व्होल्टही जात नाही. पंपाला व्होल्टेज कमी म्हणजे फिरणं कमी, फिरणं कमी म्हणजे चढाला, गॅस पूर्ण दाबल्यावर पेट्रोल कमी. मग लोक इंजेक्टर धुतात, प्लग बदलतात. आमच्याकडे इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि पंपाच्या कपलरवर १३.५ आलं. थंडीत, पहाटे, ओली गाडी एका सेल्फला उठते. जुन्या कार्बोरेटरला चोक ओढून ओढून हात दुखायचा, त्यामुळे घरात या एकाच गोष्टीचं सगळ्यांना अप्रूप आहे.

अर्थबद्दल, म्हणजे मायनसच्या जोडणीबद्दल, एक सांगतो. हार्नेसवाल्यांनी पंपाचा अर्थ जवळच्या बॉडीला मारायला सांगितलंय. जिप्सीच्या मागच्या पत्र्याचा, आणि त्यात पावसात वापरलेल्या गाडीच्या पत्र्याचा, भरवसा धरू नका. रंग खरवडून चॅसीवर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बसवा, वर ग्रीस लावा, शक्य असेल तर इंजिन ब्लॉकपासून वेगळी वायर ओढा.

आता पंखा. खरा पेपर इथेच असतो आणि तो पावसाळ्यात होत नाही. पावसात आमचा पंखा जेमतेम फिरला. हंगाम सुरू झाला आणि कोरेगाव-रहिमतपूरकडे जाताना उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायची वेळ आली. समोरून वारा नाही, इंजिनाला काम भरपूर. थर्मोस्विच (तापमानावर चालणारा स्विच) ९२ अंशांना पंखा लावतो, ८७ अंशांना सोडतो, आणि तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. पसरणीचा घाट चार माणसं आणि सामान घेऊन चढलो, तिथेही नाही. बसवल्यावर एवढं मात्र तपासा की पंखा हवा ओढतोय की ढकलतोय. प्लस-मायनस उलटं झालं तरी पंखा छान फिरतो, फक्त समोरच्या वाऱ्याच्या विरुद्ध झगडतो. जाळीसमोर वर्तमानपत्राचा कपटा धरा. तो रेडिएटरला चिकटला पाहिजे.

आणि मग होल्डर. साताऱ्यातून बाहेर पडताना काटा पहिल्यांदाच चढायला लागला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, प्लास्टिक जळल्याचा वास आला. पंखा बंद. फ्यूज होल्डरचं झाकण निघेना, पक्कड लावून ओढलं तर निम्मं हातात आलं. आतला २५ ॲम्पियरचा फ्यूज शाबूत! त्याचा एक पाय लखलखीत, दुसरा निळसर-तपकिरी. त्या बाजूच्या पितळी क्लिपचे ओठ फाकलेले, इतके की फ्यूज नखानं हलवला तरी हलत होता.

फ्यूज गेला नाही याचं वायरमनलाही नवल वाटलं, म्हणून हे नीट लिहितो. फ्यूज करंट वाढला तर उडतो. ढिल्या क्लिपमुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. पण त्या ढिल्या जागी अवरोध तयार होतो आणि उष्णता तिथेच निघते. दुसऱ्या बाजूची क्लिप चेपून, पंखा तात्पुरता चालवून मी होल्डरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला: ०.६ व्होल्ट. पंखा १२ ॲम्पियर घेतो, म्हणजे ७.२ वॉट. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. तिच्या पाव हिश्शाहून जास्त उष्णता तासन्‌तास बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या डबीत कोंडली, तर डबी वितळणारच. या आजाराला फ्यूज हे औषधच नाही. जाड वायर, चांगला रिले, तांबं खरं, आणि सगळा करंट ज्या एका जागेतून जातो तिथे डब्याच्या पत्र्यासारखी क्लिप! हे कुणाच्याच लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. दहा-वीस रुपये वाचवलेत.

विकणाऱ्याला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, मीटरचे आकडे पाठवले. उत्तर आलं की फ्यूज उडालेला नाही म्हणजे मालात दोष नाही, होल्डर वितळला म्हणजे फिटिंग चुकीचं. मी फोन करून वर लिहिलेलं सगळं समजावून सांगितलं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी फिटिंग करणाऱ्या दुकानाचं जीएसटीचं बिल मागितलं. आमच्याकडचा कुठला वायरमन असलं बिल देतो? अठराशे रुपयांच्या वस्तूसाठी मला नवीन हार्नेस नकोच होता. ऐंशी रुपयांचा होल्डर कुरिअरनं पाठवला असता तरी विषय संपला असता.

होल्डर मी इथेच घेतला, जाड सिरॅमिकच्या अंगाचा, क्लिपला आतून पोलादी स्प्रिंग असलेला. दुकानात उभं राहून फ्यूज घालून-काढून पाहिला, दोन्ही हातांनी ओढावा लागला. बसवल्यावर तेच माप ०.०८ व्होल्ट, म्हणजे जेमतेम एक वॉट. हात लावला तर कोमट. तेव्हापासून घाट, ट्रॉल्या, दुपारचं ऊन सगळं झालं, गाडीनं हीट मारलेली नाही. त्यामुळे रागात एक तारा द्यायचा ठरवला होता तो साडेतीनवर आणतोय. साडेतीन हार्नेसला, शून्य सर्व्हिसला.

ज्यांच्याकडे हाच हार्नेस आहे त्यांनी वितळायची वाट पाहू नका. पंखा चालू असताना होल्डरच्या दोन टोकांना मीटर लावा, ०.२ च्या वर गेलं की बदला. मीटर नसेल तर पंखा थोडा वेळ चालवून बंद करा आणि होल्डरला बोट लावून पाहा, चटका बसला की समजा. पंपाचा होल्डरही त्यांनी त्याच जातीचा दिलाय. त्याला करंट निम्म्याहून कमी असल्यानं तो अजून काळा पडला नव्हता, तरी मी तोही त्याच दिवशी बदलला. पंखा गेला तर काटा चढताना दिसतो, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. पंप गेला तर पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर, मागे ट्रक असताना, गाडी जागच्या जागी बंद पडते.