गुंठ्याच्या नादात गेलेले 10,22,500 रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. 26 वर्षं एका कंपनीत स्टोअर सांभाळतोय. चलनावर 200 नट आणि खोक्यात 199 निघाले तर गाडी गेटवर उभी करतो. ड्रायव्हर लोक मला शिव्या देतात, एवढा मी कागदाला पक्का आहे. त्याच माणसाचे दहा लाख एका स्टेपलच्या पिनेखाली गेले. लिहिताना लाज वाटते, पण आमच्याच बिल्डिंगमधली दोन कुटुंबं त्याच बाजूला साइट बघायला निघाली आहेत म्हटल्यावर गप्प बसवेना.

गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकण्याचा खेळ कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. रविवारी हडपसरहून फुकट गाडी, सोलापूर रस्ता सोडून आत गेलं की मोठी कमान, फक्कीनं आखलेले प्लॉट, मांडवात वडापाव आणि माइकवर दर दहा मिनिटांनी ‘अभिनंदन, आणखी एक प्लॉट गेला!’ हे सगळं मलाही ठाऊक होतं. मेहुण्याला कोपरखळी मारत, हसत हसतच गेलो होतो मी. त्या तमाशाला भुललो नाही. मला घोळात घेतलं ते पेपरातल्या बातम्यांनी.

शनिवारची मालमत्तेची पुरवणी मी अक्षर न अक्षर वाचतो. रिंगरोडचं भूसंपादन कुठवर आलं, पुरंदरच्या विमानतळाचं काय चाललंय, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो कधी धावणार, सगळं तेव्हा तोंडपाठ होतं. 17 वर्षं भाड्याच्या घरात काढलेला माणूस या बातम्या कशा वाचतो ते भाडेकरूलाच कळेल. प्रत्येक बातमीगणिक वाटतं, अजून एक गाव आपल्या हातून गेलं. 2025 च्या जुलैमध्ये विधानसभेत तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे विकायला मनाई करणारा कायदा, शिथिल करण्याची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये त्या साइटचा एजंट त्याच बातमीचं कात्रण लॅमिनेट करून माझ्यापुढे बसला. “दादा, गुंठ्याची खरेदी आता मोकळी झाली म्हणून समजा. आदेश खाली यायचा अवकाश, भाव डबल. मग मला फोन करू नका.”

बातमी खरी होती. पण ती सवलत 1 जानेवारी 2025 पर्यंत पडलेल्या तुकड्यांसाठी होती, आणि आमच्या प्लॉटची फक्की अजून बुटाला लागत होती. कात्रणात हे छापलेलं होतं. मी ते घरी आधीच वाचलेलं होतं. तरीही.

2 गुंठे, 5,75,000 रुपये गुंठा, एकूण 11,50,000. बुकिंगला 51,000 दिले. मग आरटीजीएसनं 3,00,000, चेकनं 4,00,000. दसऱ्याला प्लॉटवर नारळ फोडला तेव्हा रोख 2,25,000, ज्याची पावती म्हणजे त्याच्या डायरीतलं ‘2.25 जमा’. रस्ते-लाइटसाठी ‘डेव्हलपमेंट चार्ज’ 75,000. नोटरी आणि कागदपत्रांचे 11,500. बेरीज 10,62,500. उरलेलं खरेदीखताच्या दिवशी. तो दिवस अर्थातच आदेश आल्यावर.

आता त्या फायलीबद्दल. बुकिंगच्या दिवशी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सातबाऱ्याची झेरॉक्स मिळाली. वर उजव्या बाजूला त्याचं व्हिजिटिंग कार्ड स्टेपल केलेलं. गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचं, नेहमीपेक्षा जरा मोठं. सातबारा पाहिलेल्याला कळेल तिथं काय असतं: ‘कुळ, खंड व इतर अधिकार’चा रकाना. मी गट नंबर पाहिला, क्षेत्र पाहिलं, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन) पाहिलं, मालकाचं नाव आधार कार्डाशी ताडून पाहिलं. सगळं जुळलं. कार्डाचा खालचा कोपरा थोडा उचललेला होता आणि त्याखाली छापलेलं ‘दि’ एवढं अक्षर दिसत होतं. ते मी पाहिलं. पाहिलं आणि अंगठ्यानं कोपरा दाबून कार्ड नीट बसवलं. स्टोअरची सवय, कागद सरळ असावा लागतो.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो अंगठा दिसतो.

‘दि’ म्हणजे दिवाणी. मूळ मालकाच्या दोन बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्यासाठी दावा लावलेला, त्याची नोटीस नोंदवलेली आणि इतर अधिकारात ‘दिवाणी दावा प्रलंबित’ अशी सरळ नोंद. दावा चालू असताना घेतलेली जमीन निकालाला बांधील असते, म्हणजे बहिणी जिंकल्या की तुमचा प्लॉट त्यांच्या वाट्यात गेला तर गेला. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर हाच सातबारा फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा हवा तर 15 रुपये. पंधरा. आणि वकिलानं जमिनीचे मागच्या 30 वर्षांचे व्यवहार तपासून देण्याचे, म्हणजे सर्च रिपोर्टचे, 6,000 सांगितले होते. बायको चारदा म्हणाली, “अहो, एकदा दाखवून घ्या ना.” मी म्हणालो, “त्यांचा वकील आहे की.” त्यांचा वकील! हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आहे.

माझी बाजूही ऐका. शेजारच्या प्लॉटचा माणूस शाळेत शिक्षक, पलीकडचा बँकेतून रिटायर झालेला. एवढे शिकलेले लोक पैसे देत असताना मी एकटा शंका काढू? नंतर कळलं, तेही माझ्याकडे बघून हाच विचार करत होते. दिवाळीनंतर त्या शिक्षकांनीच प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर नवा सातबारा टाकला. मी कपाटातून फाइल काढली, पिन नखानं उचकटली आणि खाली तीच ओळ. ग्रुपवरच्या सगळ्यांच्या पावत्या जोडल्या तर विकलेले गुंठे भरले 53. गटाचं क्षेत्र 40.

नोटरीबद्दल एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा लाल शिक्का मारला म्हणजे सही कुणाची एवढंच ठरतं. जमीन तुमची होत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानंच होते. कुलमुखत्यारपत्रावरही होत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच ते स्पष्ट केलंय. आणि कुणी ‘11 जण मिळून 11 गुंठ्यांचं सामाईक खत करू’ म्हणालं तर चहा अर्धा ठेवून उठा. तुमचा प्लॉट कुठला हे त्या खतात कुठेच नसतं.

एजंटाला गाठलं. ‘दादा’चा आता ‘साहेब’ झाला होता. “साहेब, कागद तर आम्ही तुमच्या हातात दिला होता. तुम्ही वाचला नाही, त्याला आम्ही काय करणार?” तेव्हा कळलं कार्ड तिथं का होतं. नोंद लपवली असं म्हणता येऊ नये आणि दिसूही नये. फार आरडाओरडा केल्यावर 40,000 परत दिले आणि पाच-पाच लाखांचे दोन चेक. दोन्ही परत आले. “थांबा, महिनाअखेरीला पुन्हा टाका.” टाकले, परत आले. “पार्टीचं पेमेंट अडकलंय, पंधरा दिवस.” मी थांबलो. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर चेक बाउन्सची केस हातची जाते, हे मला 47 व्या दिवशी कळलं. चेकची तीन महिन्यांची मुदतही तोवर उलटली होती. तो काही माझ्यावर दया म्हणून पंधरा दिवस मागत नव्हता, दिवस मोजत होता.

आता साहेब लोकांकडे येऊ. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, “हा दिवाणी मामला आहे.” 40 गुंठ्यांत 53 गुंठे विकणं दिवाणी कसं, विचारलं तर “वकील आहात का?” रोख दिल्याचं सांगितल्यावर अंमलदार चक्क खूश झाला. “मग आधी इन्कम टॅक्सवाले तुम्हालाच बोलावतील.” खरं तर जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला दंड असतो, पण तेव्हा माझी बोबडीच वळली. वरच्या कार्यालयात गेलो, तिथं रक्कम लहान. लहान! माझ्या पीएफचा निम्मा भाग तो. दुय्यम निबंधकांकडे गेलो तर म्हणे तुमचा दस्त आमच्याकडे आलाच नाही, आणि आला असता तरी आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. तलाठ्यांकडे तीन खेपा. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब पंचनाम्याला, तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, “घ्यायच्या आधी यायचं होतं ना राव.” हे वाक्य आतापर्यंत पाच टेबलांवर ऐकलंय. प्रत्येक टेबलासाठी अर्धी रजा. ती 40 फुटी कमान रस्त्यावरून दिसते. यातल्या एकाही साहेबाची गाडी कधी तिथून गेली नसेल?

कमानीवर रेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर नव्हता, हे मी विचारलंही होतं. “शेतजमिनीला रेरा लागत नाही, दादा.” 500 चौरस मीटरच्या वर जमीन घेऊन प्लॉट पाडून विकायचे तर नोंदणी लागते, आणि 40 गुंठे म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या वर. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड असावा लागतो. नसेल तर वडापावसुद्धा खाऊ नका. असला तरी नोंदवलेल्या कराराआधी 10 टक्क्यांच्या वर दमडी देऊ नका.

परवा शेवटी पोलिसांनी अर्ज स्वीकारला. पोच मिळाली, शिक्का मिळाला. घरी येऊन माझी प्रत चाळत होतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मूळ फाइल दिली तेव्हा ते कार्ड मी पुरावा म्हणून होतं तसं परत टाचून ठेवलं होतं, आणि त्यानं कार्डासकटच सगळे सेट काढलेत. म्हणजे पोलिसांच्या फायलीतही तो रकाना झाकलेलाच आहे. नवीन प्रत द्यायला उद्याची रजा टाकली आहे.