फ्रेंचमधलं 'झालं असतं': कोंदिस्योनेल पासे कधी घ्यायचा आणि कधी नाही

"मॅम, हे असतं-नसतं फ्रेंचमध्ये नेमकं कुठल्या काळात टाकायचं, मी दर वेळी तिथेच अडकते," असं परवा एका मुलीने विचारलं आणि तिची वही बघितली तर अडचण लगेच कळली, तिने आधी मराठी वाक्य मनात इंग्रजीत केलं होतं आणि मग इंग्रजीचं फ्रेंच. माझं म्हणणं आहे की कोंदिस्योनेल पासे, म्हणजे 'झालं असतं'चा काळ, या एका काळापुरतं तरी इंग्रजी मधे आणूच नका, थेट मराठीवरून ठरवा, कारण फ्रेंच जिथे जिथे फरक करते तो बहुतेक सगळा फरक आपण रोज बोलताना करतच असतो. (फ्रेंच वाक्यं देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितेय, थोडं उन्नीस-बीस चालवून घ्या.)

आधी रचना, ती दोन मिनिटांची आहे. आव्वार (जवळ असणं) किंवा एत्र (असणं) या दोन सहाय्यक क्रियापदांपैकी एक कोंदिस्योनेल प्रेझाँमध्ये (याच 'असतं'चं वर्तमानातलं रूप) घ्यायचं आणि पुढे भूतकाळी रूप जोडायचं, ते पासे कोंपोझेमध्ये, म्हणजे 'खाल्लं', 'आले' अशा नेहमीच्या भूतकाळात, वापरतो तेच. आव्वारची रूपं झोरे, त्यू ओरे, इल ओरे, नूझ ओरियों, वूझ ओरिए, इलझ ओरे. एत्रची झ सरे, त्यू सरे, इल सरे, नू सरियों, वू सरिए, इल सरे. म्हणजे झोरे माँझे = मी खाल्लं असतं, झ सरे व्हन्यू = मी आले असते. पासे कोंपोझे पक्का असेल तर नवीन पाठांतर जवळपास शून्य.

आता पहिली निवड, आव्वार की एत्र. इथे मराठीतला 'ने' फार कामाचा आहे. वाक्य 'तो'वर नेऊन बघा. सोर्तीर हे एकच क्रियापद घ्या: 'तो बाहेर पडला असता' हे इल सरे सोर्ती, आणि 'त्याने गाडी बाहेर काढली असती' हे इल ओरे सोर्ती ला व्वात्यूर. मराठीत 'ने' आला, फ्रेंचमध्ये आव्वार आलं. पासे नावाच्या क्रियापदाचंही (काळाचं नव्हे) तसंच, 'तो येऊन गेला असता' एत्र आणि 'त्याने परीक्षा दिली असती' आव्वार. पण ही युक्ती एकाच बाजूने चालते हं, 'ने' असेल तर आव्वार, पण 'ने' नसेल तर लगेच एत्र धरू नका, कारण तो धावला, तो झोपला, तो हसला, तो विसरला या सगळ्यांना आपण 'ने' लावत नाही आणि फ्रेंच मात्र सगळ्यांना आव्वारच लावते. येणं, जाणं, निघणं, पोचणं, पडणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी आहेत त्यांना एत्र, ती यादी पाठच करावी लागते. आणि 'स' (स्वतःला) लागणारी क्रियापदं कायम एत्रवाली, तिथे 'त्याने हात धुतले' असा 'ने' आला तरी एत्रच.

लिंगवचनाचंही तसंच आहे आणि हे मला खरंच सुंदर वाटतं. मुलगा म्हणतो आलो असतो, मुलगी म्हणते आले असते, फ्रेंचमध्ये एत्र असेल तर मुलीने लिहिताना व्हन्यूला शेवटी एक ई अक्षर जास्तीचं लावायचं, ऐकायला फरक नाही. आणि 'जी चिठ्ठी मी लिहिली असती' यात लिहिली हे चिठ्ठीप्रमाणे चालतं ना, फ्रेंचमध्येही कर्म आधी आलं तर तसंच होतं: ला लेत्र क झोरे एक्रीत. नुसतं एक्री नाही, एक्रीत, तो शेवटचा त ऐकू येतो. चिठ्ठी नंतर आली की मात्र झोरे एक्री ला लेत्र, तिथे त नाही. आपण कर्म आधी-नंतर न बघता नेहमी जुळवतो, ते फक्त आधी असलं तर, एवढंच लक्षात ठेवायचं.

आता सगळ्यात जास्त मार्क जिथे जातात ती जागा. 'मला कळलं असतं तर मी आले असते', मराठीत दोन्हीकडे असतं-असते. त्यामुळे आपली मुलं दोन्हीकडे कोंदिस्योनेल घालतात, सी झोरे स्यू, झ सरे व्हन्यू, आणि हे चुकीचं आहे. 'तर'च्या आधीचा भाग प्ल्यू-क-पार्फेमध्ये, म्हणजे 'कळलं होतं'च्या काळात, जातो: सी झावे स्यू, झ सरे व्हन्यू. फ्रान्समधल्या पोरांनाही ही चूक होते म्हणून त्यांना शाळेत घोकवतात, ले सी नेम पा ले रे, म्हणजे 'सी'ला (जर) 'रे' (कोंदिस्योनेलचा शेवट) आवडत नाही. हे एक ठिकाण आहे जिथे मराठी दगा देते, बाकी जवळपास सगळीकडे ती साथ देते. आणि हा नियम फक्त 'जर'वाल्या सीला आहे, 'का' किंवा 'की नाही' अशा अर्थाच्या सीला नाही. 'तो हो म्हणाला असता का कोण जाणे' हे झ म दमाँद सिल ओरे आक्सेप्ते, आणि हे अगदी बरोबर वाक्य आहे, इथे घाबरून काळ बदलू नका.

मग 'तर'च्या नंतरच्या भागात कोंदिस्योनेल पासे की प्रेझाँ? मनातल्या मनात 'आत्ता' घालून बघा. 'रात्री नीट झोपले असते तर आत्ता अशी थकलेली नसते', परिणाम आत्ताचा आहे म्हणून सी झावे ब्यँ दोर्मी, झ न सरे पा फातिगे, प्रेझाँ. 'नीट झोपले असते तर काल पेपर पूर्ण लिहिला असता', परिणाम होऊन गेलेला, पासे. बस.

फ्युत्यूर आँतेरियरशी ('झालं असेल'चा काळ) गोंधळ अर्थाचा नसतो, लिहिण्याचा असतो. 'मी संपवलं असेल' आणि 'मी संपवलं असतं' यात मराठी माणूस कधी चुकत नाही, पण झोरे फिनी दोन्हीकडे कानाला जवळपास सारखंच लागतं, आणि लिहिताना एकाला शेवटी एस अक्षर आहे, दुसऱ्याला नाही. शंका आली की 'आम्ही' करून बघा: नूझ ओरों फिनी असेल तर संपवलं असेल, नूझ ओरियों फिनी असेल तर संपवलं असतं.

आता दव्वार ('हवं', 'लागणं' या अर्थाचं क्रियापद), यावर मी वर्गात दोन तास घालवते आणि ते कमीच पडतात. चार वाक्यं एकाखाली एक ठेवा. मला जायला हवं: झ दव्रे पार्तीर. मला जायला हवं होतं: झोरे द्यू पार्तीर. मला जावं लागलं: झे द्यू पार्तीर. मी जाणार होते, तसं ठरलं होतं: झ दव्हे पार्तीर. मराठीत चारही वेगळी, फ्रेंचमध्ये चारही वेगळी, काट्याला काटा जुळतो. इंग्रजीतल्या 'शुड हॅव'वरून गेलात की 'गेलं'चं भूतकाळी रूप शोधत बसता आणि वाक्य मोडतं. मराठीत बघा, 'जायला' जसंच्या तसं राहतं आणि भूतकाळ 'हवं होतं'वर येतो, फ्रेंचमध्ये पण पार्तीर जागचं हलत नाही, भूतकाळ दव्वारवर चढतो. फक्त तिसऱ्या झे द्यूला अजून एक अर्थ आहे, झे द्यू उब्लिए म्हणजे 'मी विसरले असणार', तो संदर्भावरून कळतो.

आणि तक्रारीचं वाक्य. आपण कुणावर रुसलो की काय म्हणतो? 'मला सांगायचं होतंस ना!' मी सुरुवातीच्या दिवसांत एका फ्रेंच मैत्रिणीला हेच लिहायला गेले आणि 'होतंस' बघून अँपार्फे ('करत होते', 'करणार होते'चा भूतकाळ) टाकला, त्यू दव्हे म ल दीर, तिला वाटलं मी म्हणतेय की तू सांगणार असं आपलं ठरलं होतं, आणि ती बिचारी आठवत बसली की असं कधी ठरलं. मला म्हणायचं होतं ते त्यू ओरे प्यू म ल दीर. शब्दशः 'सांगू शकली असतीस', पण भाव अगदी 'सांगायचं होतंस' एवढाच, अर्धा रुसवा अर्धं प्रेम. रागच आला असेल तर ओरे द्यू, ते जास्त टोचतं.

बातम्यांमधे हाच काळ भेटला की 'असतं' विसरून जा. ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने याचा अर्थ 'मंत्र्यांनी राजीनामा दिला असता' असा नाही, 'राजीनामा दिल्याचं समजतं', किंवा बोलीत 'दिला म्हणे'. बातमी अजून पक्की नाही, जबाबदारी आमची नाही, हे सांगायला फ्रेंच पत्रकार कोंदिस्योनेल वापरतात. पक्की झाली की पासे कोंपोझे, आ देमिस्योने. परीक्षेत उताऱ्यावरच्या प्रश्नांत हे हमखास चुकतं, कारण मुलं घडल्याचं सांगितलेली गोष्ट न घडलेली समजतात.

बोलताना फ्रेंच लोक कधीकधी हा काळ सोडून सरळ अँपार्फे घेतात, अँ पा द प्ल्यूस ए झ तोंबे, 'अजून एक पाऊल आणि पडलेच होते'. आपणही 'पडलेच असते' सोडून 'पडलेच होते' म्हणतो ना, त्याने प्रसंग डोळ्यासमोर येतो. बोलताना बिनधास्त वापरा, पण परीक्षेच्या निबंधात झ सरे तोंबे लिहा. आणि कादंबऱ्यांमध्ये झ्यूस एमे असलं काही दिसलं तर तो याच काळाचा जुना दुसरा अवतार, वाचून अर्थ कळला की पुरे, स्वतः लिहू नका.

शेवटची निवड काउंटरवरची. झ वूद्रे की झोरे वूल्यू? कॉफी मागायला झ वूद्रे अँ काफे, नेहमीचं सभ्य. पण एखाद्या ऑफिसात जाऊन काही विचारायचं असेल तर झोरे वूल्यू साव्वार, 'मला जरा विचारायचं होतं'. विचारायचं तर आत्ताच आहे, पण 'आहे'च्या जागी 'होतं' म्हटलं की समोरच्यावरचा भार कमी होतो, दोन्ही भाषांत अगदी सारखंच. देल्फ बी-टू या फ्रेंचच्या परीक्षेच्या लेखी पेपरात औपचारिक तक्रारपत्र आलं तर हेच घ्या, झोरे सुएते एत्र प्रेव्हन्यू, 'मला आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं', आणि प्रेव्हन्यूचं शेवटचं ई अक्षर मुलींनी विसरू नका.