१९५७ ची टीव्हीवरची सिंड्रेला: आधी ऐका, मग बघा

संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन म्हटलं की लोकांना ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची रंगभूमीच आठवते, पण या जोडीने खास टीव्हीसाठी म्हणून एकच म्युझिकल, म्हणजे संगीतनाटक, लिहिलं आणि ते म्हणजे ‘सिंड्रेला’. ३१ मार्च १९५७, रविवारची संध्याकाळ, न्यूयॉर्कहून सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर लाइव्ह. आणि लाइव्ह म्हणजे अगदी लाइव्ह हं, चुकलं तर चुकलं, समोर प्रेक्षक नाहीत म्हणजे टाळ्या नाहीत, वन्समोअर नाही, आणि आपापल्या घरी बसून बघणारे किती तर अंदाजे १० कोटी ७० लाख! ऐकूनच माझ्या पोटात गोळा येतो. सिंड्रेला झालेली ज्युली अँड्र्यूज तेव्हा फक्त २१ वर्षांची होती आणि ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ करत होती.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी नुसती कास्ट रेकॉर्डिंगच, म्हणजे त्याच कलाकारांनी गायलेली गाण्यांची रेकॉर्ड, ऐकत बसायचे, डीव्हीडी बघितली ती खूप नंतर. आता वाटतं चुकून का होईना, क्रम बरोबर लागला.

कारण असं की तो कार्यक्रम रंगीत होता. सीबीएसचा रंगीत स्टुडिओ, रंगीत कॅमेरे, त्यासाठी केलेले कपडे, सगळा थाट. पण आज आपल्या हाताला काय लागतं तर ब्लॅक अँड व्हाइट किनेस्कोप, म्हणजे मॉनिटरच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेलं शूटिंग. २००४ साली डीव्हीडी आली ती यावरूनच. चित्र धुरकट, कडा मऊ, राजवाड्यातला बॉल (नाचाचा समारंभ) म्हणजे करड्या रंगावर करडा रंग, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. स्टुडिओ तसा अडचणीचाच होता, ५६ कलाकार, ते अवजड कॅमेरे, आणि ३३ वादकांना वेगळ्या छोट्या खोलीत बसवलेलं. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ही गाणी या प्रिंटवर ऐकलीत तर म्हणाल ठीक आहे, जुनं काहीतरी आहे, आणि बंद कराल.

रेकॉर्ड मात्र वेगळीच गोष्ट आहे. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने ती १८ मार्चलाच करून घेतली होती, म्हणजे प्रक्षेपणाच्या १३ दिवस आधी. तेच गायक, वाद्यवृंदाचे तेच कंडक्टर आल्फ्रेडो अँटोनिनी, रॉबर्ट रसेल बेनेटचं तेच वाद्यसंयोजन, पण ऐकताना वाटतं कुणीतरी खिडक्या उघडल्या. ‘वॉल्ट्झ फॉर अ बॉल’ (वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यावरचा जोडीचा नाच) लावा म्हणजे कळेल, व्हायोलिन्स अशी भरून येतात की खोली मोठी झाल्यासारखी वाटते. तेव्हा स्टिरिओतही रेकॉर्ड केलं होतं, मिळाली तर तीच घ्या, मोनोच्या मागे लागू नका.

आता गाणी. ‘इन माय ओन लिटल कॉर्नर’ हे मला सगळ्यात आवडतं. पोरगी चुलीपाशी खुर्चीत बसून काय काय होते, जपानमध्ये स्वतःचे रेशमाचे किडे पाळणारी श्रीमंत वारसदार होते, आफ्रिकेत शिकारीला जाते आणि लक्षात येतं की अगंबाई बंदूक घरीच राहिली, त्यात समोर सिंहीण, मग परत आपला कोपरा बरा. ज्युली हे गाणं रडवं करत नाही. दुसरी कुणी असती तर बिच्चारी वगैरे सूर लावला असता, ही मजा करत असते, आणि शब्द इतके स्वच्छ की इंग्रजी गाणी ऐकायची सवय नसलेल्यालासुद्धा एकेक अक्षर कळेल. तिचा सूर तर काय, पाण्यासारखा.

‘द प्रिन्स इज गिव्हिंग अ बॉल’ मध्ये दवंडीवाला राजपुत्राचं लांबलचक नाव वाचतो, एकाहून एक भारी राजेशाही नावं आणि मध्येच साधं ‘हर्मन’. म्हणजे आपल्याकडे प्रतापसिंह विक्रमसिंह रणजितसिंह म्हणत म्हणत मध्येच बंड्या यावा तसं. हॅमरस्टाइन असा गालातल्या गालात हसतो.

एडी अ‍ॅडम्सची परी म्हातारी प्रेमळ आजी नाहीये, तरुण आहे, जरा खवचट आहे. ‘इम्पॉसिबल’ मध्ये आधी भोपळ्याची गाडी होणं शक्यच नाही म्हणते आणि मग त्याच चालीवर शक्य आहे शक्य आहे करत दोघी निघतातच. चाल तीच, अर्थ उलटा, एवढ्याशा गोष्टीत सगळं कथानक पुढे सरकतं.

राजपुत्र जॉन सायफर. आवाज चांगला आहे, भरदार, पण रेकॉर्डवर तो मला थोडा लाकडी वाटतो. ‘टेन मिनिट्स अगो’ चालीमुळे तरतं, ते वॉल्ट्झ असं आहे की कुणीही गायलं तरी चालेल. आणि तू सुंदर आहेस म्हणून मला आवडतेस की मला आवडतेस म्हणून सुंदर दिसतेस, हा प्रश्न विचारणारं दुसरं द्वंद्वगीत, त्यात तिचा आवाज आला की तोही सुधारतो. राजाराणीचं काम केलेले हॉवर्ड लिंडसे आणि डोरोथी स्टिकनी खरे नवराबायको होते, ही माहिती गोड आहे, पण मेजवानीच्या यादीचं त्यांचं गाणं मी दर वेळी पुढे ढकलते.

जिथे रेकॉर्ड कमी पडते ते म्हणजे सावत्र बहिणी. के बॅलर्ड आणि अ‍ॅलिस गोस्टली. ‘स्टेपसिस्टर्स लॅमेंट’ नुसतं ऐकलं तर गमतीदार गाणं एवढंच, पण डीव्हीडीवर त्या दोघींचे चेहरे बघा, नटूनथटून आल्यात आणि राजपुत्र ढुंकून बघत नाहीये, तो जळफळाट आवाजात अर्धाच येतो. तिथे तो धुरकट प्रिंटही चालतो, कारण चेहरे जवळून दिसतात. शेवटी टीव्हीसाठी लिहिलेलं आहे ना, स्टेजवरून शेवटच्या रांगेपर्यंत ओरडायचं नाहीये, कॅमेरा नाकापाशी आहे.

आणि ‘अ लव्हली नाइट’. बॉलच्या नंतर घरी परत आल्यावर सिंड्रेला म्हणते असं असं झालं असेल ना, आणि बहिणी आणि सावत्र आई हो हो करत तिच्यासोबत गायला लागतात. ती स्वतः तिथे होती हे फक्त तिला आणि आपल्याला माहीत. हे मी रेकॉर्डवर पन्नास वेळा ऐकलं असेल आणि छान गाणं म्हणून सोडून दिलं होतं. डीव्हीडीवर बघितलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्या गोष्टीत एकदाच, फक्त या गाण्यापुरत्या, त्या चौघी एका घरच्या वाटतात. मग परत रेकॉर्ड लावली आणि आता तेच गाणं ऐकताना मधेच घशाशी येतं.

१९६५ साली लेस्ली अ‍ॅन वॉरेनला घेऊन परत केलं, ते रंगीत आहे, टेपवर आहे, चित्र कितीतरी चांगलं आहे. तरीपण मी रेकॉर्ड हीच लावते.