खाऱ्या पाण्याचा पंप बदलून घेताय? जुना पंप हातातून सोडू नका

मासेमारीबंदीच्या महिन्यांत इंजिनाची कामं काढणाऱ्या सगळ्या बोटमालकांसाठी हे लिहितोय. रत्नागिरीला, मिरकरवाड्यात आमच्या बाबतीत जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होऊ नये.

आमच्या इंजिनावरचा खाऱ्या पाण्याचा पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा पंप, गळत होता. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब थेंब पाणी यायचं आणि भोकाभोवती मिठाचा पांढरा थर धरलेला. जुलै संपत आला होता, 1 ऑगस्टला बंदी उठणार, खलाशी येऊन बसलेले. अशा घाईत मालक जास्त चौकशी करत नाही, हे असल्या मिस्त्र्यांना पक्कं ठाऊक असतं. मिस्त्री म्हणाला, "शेठ, बॉडीच गेलीय. सील टाकलं तरी आठ दिवस टिकायचं नाही. कंपनीचा नवा पीस आहे माझ्याकडे." 18,500 रुपये घेतले, कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला आणि आमचा पंप भंगार म्हणून स्वतःच घेऊन गेला. नवा पंप चकाचक रंगवलेला. इंजिन चालू केलं तर खाली एक थेंब नाही.

थेंब का नव्हता, ते पुढे कळलं. त्या पंपात शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, दोन सील (गळती अडवणाऱ्या कड्या) असतात. एक पाण्याकडचं, एक इंजिनाच्या ऑईलकडचं. खालचं भोक मुद्दाम या दोघांच्या मधे ठेवलेलं असतं. पाण्याचं सील गेलं तर पाणी तिथून बाहेर पडावं, ऑईलकडे जाऊ नये, यासाठी. भोकातून पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, ऑईल आलं तर ऑईलचं. इतकं सरळ आहे ते.

आमच्या 'नव्या' पंपाचं ते भोक एमसीलने (लांबीसारख्या घट्ट होणाऱ्या लगद्याने) बुजवून वरून रंग मारला होता. हंगाम सुरू झाल्यावर तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) ऑईल तपासायची पट्टी, डिपस्टिक काढली, तर ऑईल दुधाच्या चहासारखं. गिअरवर चालणारा, म्हणजे थेट इंजिनाला जोडलेला पंप, त्यामुळे आतलं खारं पाणी थेट इंजिनात उतरलं होतं. आणखी दोन-चार फेऱ्या झाल्या असत्या तर बेअरिंगं गेली असती, क्रँकही वाचला नसता.

दुसऱ्या फिटरने पंप खोलून समोर ठेवला. झाकणाच्या आतल्या बाजूला इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) घासून पडलेले गोल चरे. शाफ्टवर सील बसतं त्या जागी बोट फिरवलं, तर नख अडकेल एवढी खाच. अशा शाफ्टवर नवं सील घातलं तरी ते पाणी धरणारच नाही. बॉडीवरचा नंबर कानशीने घासून काढलेला. म्हणजे कुणाचा तरी जुना पंप रंगवून आमच्या गळ्यात मारला. आमचाही तसाच कुठल्या तरी बोटीवर चढला असणार. राग याचाच येतो, कारण आमची गनमेटलची (काशासारख्या धातूची) बॉडी ठणठणीत होती. सील, बेअरिंग, फार तर शाफ्ट, एवढंच काम होतं.

म्हणून पंप गळला की आधी नेमकं कुठून गळतंय ते स्वतः बघा. झाकणाच्या कडेने येत असेल तर बहुतेक वेळा गॅस्केट बदलून भागतं. पाइपाची क्लिप सैल असेल तर आवळून बघा. भोकातून येत असेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून पंप उतरवा आणि तुमच्यासमोर खोलायला लावा. बॉडी गेली म्हणणाऱ्याने चीर किंवा झीज बोटाने दाखवली पाहिजे. नवा घेतलात तर बसवण्याआधी झाकण उघडून आत बघा, भोकात बारीक तार घालून बघा, आणि पक्क्या बिलावर पंपाचा नंबर लिहून घ्या.

बोट धंद्याची, म्हणून ग्राहक कायदा आपल्याला लागू नाही, असं बरेच जण धरून चालतात. 2019 च्या कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाराही ग्राहकच आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारता येतं. मात्र पुरावा लागतो. उघडलेल्या पंपाचे फोटो, दुसऱ्या फिटरने लिहून दिलेला कागद आणि ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद एवढ्यावर आमची तक्रार उभी आहे.

ज्यांनी नुकताच रंगवलेला पंप बसवून घेतलाय, त्यांनी इंजिन चालू करायच्या आधी डिपस्टिक काढून बघा आणि पंपाखाली हात घालून ते भोक मोकळं आहे का, ते चाचपा. बुजलेलं लागलं तर बोट बंदरातच ठेवा.