बदललेल्या किडनीसाठी पेट स्कॅन की बायोप्सी?

किडनी बदलल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याचं दाखवणारा रक्तातला घटक) वाढलं की बायोप्सीची, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा काढून तपासण्याची, सुई टाळून पेट स्कॅन चालेल का, असं बरेच जण विचारतात. त्याआधी दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. पहिली टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) रक्तातली लेव्हल: रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. मालेगाव-सुरगाण्याहून नाशिकला येताना गोळी घरीच घेतलीत, तर आकडा खोटा वाढलेला येतो. दुसरी डॉप्लर सोनोग्राफी: लघवी तुंबली आहे का, धमनी अरुंद झाली आहे का, ते तिथेच कळतं.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर नव्या किडनीवर हल्ला करतं तेव्हा, किडनीत घुसलेल्या पांढऱ्या पेशी ती भराभर ओढतात. अडचण अशी की ही साखर लघवीतूनही जाते, त्यामुळे तासाभराने काढलेल्या चित्रात किडनी लघवीनेच चमकते. बेल्जियममधल्या लिएजच्या 2016 च्या अभ्यासात 31 रुग्णांची चित्रं म्हणूनच तीन तासांहून उशिरा काढली. सरासरी एसयूव्ही (किडनीने किती साखर ओढली त्याचा आकडा) 1.6 ही सीमा धरल्यावर एकही रिजेक्शन सुटलं नाही. पण रिजेक्शन नसलेल्यांपैकीही निम्मे सीमेच्या वर गेले.

म्हणजे आकडा कमी आला तर दिलासा, जास्त आला तर बायोप्सी करावीच लागते. बीके विषाणू (दाबलेल्या प्रतिकारशक्तीत किडनीत वाढणारा) किंवा जंतुसंसर्गानेही किडनी चमकते. रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवतात, बीकेमध्ये कमी करतात. चित्र पाहून अंदाजाने स्टेरॉइड चढवलं, तर विषाणूच फोफावतो. आमचं मत स्पष्ट आहे: क्रिएटिनिन झपाट्याने चढत असेल तर स्कॅनची वाट पाहू नका.

बायोप्सीसाठी रक्त पातळ करणारं औषध थांबवणं धोक्याचं असेल आणि वाढ थोडीच असेल, तेव्हा स्कॅनचा विचार जरूर करा. कारण न सापडणारा ताप, वजन घटणं, गाठी असतील तर लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) शोधायला तो खरोखर उपयोगी आहे. सहा तास उपाशी राहा, पाणी चालतं. साखर 200 च्या आत हवी, इन्सुलिनची वेळ आधी विचारा. रंगद्रव्याचं (कॉन्ट्रास्ट) इंजेक्शन नको, हे आणि किडनीसाठी उशिराची चित्रं हवीत, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. कॅन्सरच्या नेहमीच्या पद्धतीत उशिराची चित्रं काढत नाहीत.

बायोप्सी वाटते तेवढी अवघड नाही. बसवलेली किडनी ओटीपोटात वरवरच असते. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत 16 किंवा 18 गेजच्या सुईने सहसा दोन तुकडे घेतात. त्यांत किमान 10 ग्लोमेरुलाय (रक्त गाळणारे सूक्ष्म गुच्छ) आणि 2 धमन्या मिळाल्या तर नमुना पुरेसा. रक्तदाब आधी आटोक्यात हवा, नाहीतर रक्तस्रावाचा धोका वाढतो. नंतर काही तास उताणं पडून राहा. लघवी लाल झाली, गुठळ्या आल्या किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी लगेच कळवा.