‘ओपन’ म्हणजे उघडा की उघडे? इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे एक अ‍ॅप

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. या कामात अवघड शब्द फारसे छळत नाहीत. ‘हायड्रॉलिक’ कुठल्याही कोशात सापडतो. घाम फोडतात ते ‘ओपन’, ‘एम्प्टी’, ‘ड्राय’ असले बालवाडीतले शब्द. बटणावर नुसते ‘एम्प्टी’ लिहिलेले असते, मागेपुढे वाक्य नाही. विशेषण असेल तर टाकी रिकामी आहे. क्रियापद असेल तर ती रिकामी करायची आहे. इथे गल्लत झाली की भरलेली टाकी सांडलीच म्हणून समजा.

म्हणून हे अ‍ॅप मी एवढ्याच एका अंगाने पारखले. बरेच कोश सगळे अर्थ स्वल्पविराम देत एका ओळीत कोंबतात आणि शब्दाची जात (नाम, विशेषण, क्रियापद वगैरे) ओळखायचे आपल्यावर सोडतात. इथे प्रत्येक जातीला स्वतंत्र कप्पा आहे. ‘राउंड’ काढून पाहा: विशेषण झाले की गोल टेबल, नाम झाले की मुष्टियुद्धाची फेरी, क्रियापद झाले की वळसा घालणे, ‘टर्न राउंड’मध्ये क्रियाविशेषण आणि ‘राउंड द कॉर्नर’मध्ये शब्दयोगी अव्यय. शेवटच्या कप्प्यात एक छोटी, मोलाची टीप आहे: आपले शब्दयोगी नामाला मागून चिकटते, इंग्रजीतले नामाच्या आधी उभे राहते.

उच्चारांची बाजू तर फारच चांगली. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’ नाम असताना जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर), क्रियापद असताना दुसऱ्यावर. दोन्ही वेगवेगळे ऐकवले आहेत. ‘यूज’ नाम असेल तर शेवटी ‘स’, क्रियापद असेल तर ‘झ’. ‘रिपोर्ट’चा जोर मात्र जात बदलली तरी हलत नाही, तिथे उगाच दोन ध्वनिफिती दिलेल्या नाहीत.

हे सगळे का होते तेही थोडक्यात सांगितले आहे. जुन्या इंग्रजीत प्रेम म्हणजे ‘लुफू’ आणि प्रेम करणे म्हणजे ‘लुफियन’. प्रत्यय झिजले, दोघांचे ‘लव्ह’ झाले आणि जात ओळखायचे काम वाक्यातल्या जागेवर येऊन पडले. नामाचे क्रियापद करायला मग काही जोडावेच लागत नाही. ‘गूगल’ असेच क्रियापद झाले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने २००६ साली त्याची नोंदही घेतली.

आता खोड्या. ‘वेल’च्या नोंदीत विहीर आणि ‘नीट’ एकत्र नांदतात. मुळात हे दोन वेगळे शब्द, फक्त स्पेलिंग एक. छापील कोश त्यांना १, २ असे आकडे देतात, इथे तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत.

‘वाक्य तपासा’ ही सोय तर न दिलेली बरी. तिला मी ‘दि ओल्ड मॅन द बोट’ हे वाक्य दिले. म्हातारी माणसे होडी चालवतात, असा त्याचा अर्थ. ‘ओल्ड’ नाम, ‘मॅन’ क्रियापद. अ‍ॅपने ‘ओल्ड’ विशेषण आणि ‘मॅन’ नाम ठरवले. वाक्यात क्रियापदच उरले नाही, याचे त्याला काहीच वाटले नाही! हे वाक्य मुद्दाम फसवायला रचलेले आहे, कबूल. पण ‘कूल बिफोर क्लीनिंग’ ही पुस्तिकांतली रोजची सूचना. तिथेही ‘कूल’ला विशेषण ठरवून ‘थंड’ असे उत्तर आले. हवे होते ‘थंड होऊ द्या’.

शब्द शोधायला हे अ‍ॅप जरूर घ्या. वाक्य तपासणी सेटिंगमधून बंद करता येते, फक्त प्रत्येक अपडेटनंतर ती पुन्हा आपोआप सुरू होते.