एल्मच्या नावाखाली विकलेला मेंदीचा खुंट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात हिवाळ्यात भरलेल्या एका पुष्पप्रदर्शनातून ‘चायनीज एल्म, वय 15 वर्षे’ अशी चिठ्ठी लावलेले बोन्साय मी साडेचार हजार रुपयांना घेतले. ते एल्म तर नव्हतेच, पण ज्याला झाड म्हणावे असेही त्यात काही नव्हते. कुंपणातून तोडलेला मेंदीचा जुना खुंट मुळांशिवाय उथळ कुंडीत रोवून, वरून शेवाळ पसरून आणि पांढरे खडे डिंकाने चिकटवून तो माल तयार केलेला होता. बोन्साय नव्याने शिकू पाहणाऱ्याला बहुतेक जण एल्मच सुचवतात, कारण त्याची पाने मुळातच लहान असतात आणि छाटणीत झालेली चूक ते झाड सहज सोसते. त्यामुळे एल्मच्या नावाला गिऱ्हाईक मिळते आणि हा प्रकार पुन्हा घडणार, असे मला वाटते.

या विक्रेत्याची हातोटी अशी, की त्याने धादांत खोटे फारसे सांगितलेच नाही. चायनीज एल्म थंडीत पाने गाळते, हे खरे आहे. आपल्याकडे जानेवारीत पारा कित्येकदा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा कुंडीतले एल्म उघडे पडले तर त्यात नवल नाही. दोन-तीन वर्षे कुंडी बदलण्याची घाई करू नये, हेही चुकीचे नाही. पण या दोन्ही गोष्टींचा उपयोग त्याने ग्राहकाने मूळ पाहू नये आणि पाने गळाली तरी तक्रार करू नये, एवढ्यासाठीच केला. ‘मॅडम, इसको छेड़ना मत, चैत में अपने आप फूटेगा,’ असे त्याने बजावले होते. पाणीही फक्त फवाऱ्याने द्यायचे, अशी छापील सूचना कुंडीसोबत होती. खऱ्या एल्मला मातीचा वरचा थर सुकू लागला की तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत पाणी द्यावे लागते. या कुंडीला तळाशी भोकच नव्हते.

होळीच्या सुमारास खुंटाला खरोखरच कोंब फुटले. तोडलेल्या जाड फांदीत साठलेले अन्न आणि ओलावा असतो, त्यावर काही दिवस पालवी निभावते, हे मला नंतर कळले. फोनवर विक्रेत्याने ‘देखा, चल पड़ा’ म्हणून माझे अभिनंदनही केले. पुढे ऊन तापू लागताच सगळी पालवी माना टाकून वाळली. नखाने साल खरवडली, तर जिवंत फांदीत दिसतो तो हिरवा थर कुठेच नव्हता, खाली कोरडे तपकिरी लाकूड होते. खडे उचकटून खोड हलवले आणि ते सहज हातात आले. खालचे टोक करवतीने सपाट कापलेले होते, त्यावर मुळाचा एक तंतूदेखील नव्हता.

शेजारच्या काकूंनी कुंडीखालच्या ताटलीत गळून पडलेली पाने हातात घेतली आणि म्हणाल्या, “अगं, ही तर मेंदी!” त्यांनी ती चुरून, चहाच्या पाण्यात कालवून माझ्या करंगळीच्या टोकावर लावली; सकाळी ते टोक नारिंगी झालेले होते. अर्थात दरवेळी इतका रंगीत पुरावा हाती लागणार नाही, आणि त्याची गरजही नाही. एल्मची पाने फांदीवर एकाआड एक येतात, त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि देठाजवळ पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक किंचित खाली उतरलेली असते. मेंदीची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि त्यांची कड सरळ असते. एल्म म्हणून फायकसही (वड-पिंपळाच्या जातकुळीतले झाड) खपवतात. त्याचे पान तोडले की पांढरा चीक येतो, एल्मला चीक नसतो. ज्या फांदीला पानेच नाहीत ती ‘सध्या झोपलेली आहे’ म्हणून कोणी देऊ लागला, तर पानावर आलेली दुसरी मागावी.

चिकटवलेले खडे एवढाच पुरावा मानू नये, कारण वाहतुकीत माती सांडू नये म्हणून खऱ्या झाडांवरही ते तसे लावतात. खरी खूण बुंध्याशी असते. वर्षानुवर्षे वाढवलेल्या बोन्सायचा बुंधा मातीजवळ रुंदावतो आणि मुळे चहूबाजूंना पसरताना दिसतात. माझ्या कुंडीत मात्र खोड खुंटी ठोकावी तसे वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे, सरळ मातीत गेलेले होते. शेवाळ बाजूला करून तेवढा भाग दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर किंमत कितीही उतरवली तरी तो माल घेऊ नये. ‘वय 15 वर्षे’ या चिठ्ठीलाही फारसा अर्थ नाही; जमिनीत वाढलेले खोड थोड्या वर्षांत जाड होते, उथळ कुंडीतले तेवढ्याच काळात बारीक राहते, म्हणून नुसत्या जाडीवरून वय ठरत नाही.

पैशांचे सांगायचे तर ते अद्याप परत मिळालेले नाहीत. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले आणि आयोजकांकडे गाळा घेणाऱ्याचा पत्ता नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही. पण तक्रारीत समोरच्याचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि यूपीआयच्या पावतीवर माझ्याकडे केवळ एक आडनाव आहे. तेव्हा पैसे देण्यापूर्वीच गाळ्याचा क्रमांक, पाटी आणि झाडावरची चिठ्ठी यांचे फोटो काढावेत, आणि बिलावर झाडाचे नाव ‘चायनीज एल्म’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.